शब्दचर्चा : ‘लाभार्थी’ आणि ‘हक्कदार’

प्रश्न : रेशनचे धान्य घेणाऱ्याला ‘लाभार्थी’ म्हणावे की ‘हक्कदार’? दोन्ही शब्द एकाच अर्थाचे आहेत का?

उत्तर : नाहीत. ‘अर्थी’ म्हणजे इच्छा धरणारा; ‘विद्यार्थी’ या शब्दात तो विद्येची इच्छा धरतो, पण संस्कृतात नुसत्या ‘अर्थी’चा अर्थ याचक असाही होतो. हक्कदाराला याचना करावी लागत नाही. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसाला महिन्याला ५ किलो धान्य ठरवून दिले आणि धान्य न पुरवल्यास अन्नसुरक्षा भत्ता देण्याचे बंधनही घातले, म्हणजे हा व्यवहार हक्काचाच आहे.

घाटंजी तालुक्यातल्या आमच्या गावी कंट्रोलच्या दुकानात शेजारच्या आजीचा अंगठा मशीनवर उमटत नव्हता. पदराला पुसून चौथ्यांदा लावला तेव्हा तांदूळ मिळाला. पाण्याच्या टाकीची तक्रार ग्रामसभेत मांडा, असे मी त्यांना सुचवले, तर त्या म्हणाल्या, “ज्याचं खाल्लं त्याच्या इरुद्ध कसं बोलावं, बापा?” खाल्ल्या मिठाला जागणे हा आपल्याकडचा मोठा गुण, पण हे मीठ कोणाचे? साबणाच्या वडीवर आजीही कर भरतात.

एकाधिकारी सत्ता नेमका हाच गुण वापरते. व्हेनेझुएलात २०१६ पासून सवलतीच्या धान्याची खोकी घरोघर जाऊ लागली, त्यांवर राष्ट्राध्यक्ष मादुरो यांची छबी असे. २०१७ मध्ये अशा सरकारी सवलतींशी जोडलेले ‘मातृभूमीचे ओळखपत्र’ आले, आणि मे २०१८ च्या निवडणुकीत मतदान केंद्रांजवळच्या सत्ताधाऱ्यांच्या लाल मंडपांत मतदारांची तीच ओळखपत्रे तपासून नोंदवली गेली. मत गुप्तच होते, पण घरात खोके येणे थांबेल ही धास्ती ज्याच्या मनात आहे, त्याचा बोलण्याचा, सभेला जाण्याचा आणि विरोधात मत देण्याचा हक्क कागदावर शाबूत राहूनही हातातून गेलेला असतो. अशा माणसासाठी मराठीत चपखल शब्द आहे : मिंधा. गरिबी जितकी खोल, तितके माणसाला मिंधे करणे स्वस्त पडते, म्हणून अशा राज्यकर्त्यांना ती पुरती हटायला नकोच असते.

पुरवणी : क्रियापदांकडेही पाहावे. खात्याचे नाव ‘अन्न, नागरी पुरवठा’ असे आहे, फलकांवर मात्र ‘धान्यवाटप’ लिहितात. पुरवठा करणे हे काम आहे आणि त्यात कसूर झाल्यास जाब विचारता येतो. वाटप म्हटले की देणाऱ्याचा हात वर जातो. ग्रामसभेच्या अर्जात मी ‘लाभार्थी’ खोडून ‘हक्कदार कुटुंबे’ आणि ‘पुरवठा’ असेच लिहितो.