तोफखान्यातून पेन्शन आलो, आता विज्ञानकथा लिहायच्यात, जमेल का?

तोफची_भगूर:
नमस्कार मंडळी. तोफखान्यात २४ वर्षं काढून पेन्शन आलो. ट्रेनिंग नाशिकरोडच्या आर्टिलरी सेंटरलाच झालेलं, म्हणून घरपण इकडेच भगूरला केलं. नोकरीत असताना बीएस्सी, मग बीएड, आणि तीन वर्षं झाली एका शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवतोय. युनिटमध्ये मी टेक्निकल असिस्टंट होतो, म्हणजे गोळा कुठे पडणार त्याचा हिशोब करणारा, वारा किती, हवा किती गरम, तोफेच्या दारूचं तापमान किती, पल्ला लांबचा असेल तर पृथ्वी फिरते तेसुद्धा धरायचं. पोरांना हे सांगताना "सर, चंद्रावरून मारला तर?" असं कोणीतरी विचारतं आणि मग रात्री मी तेच लिहीत बसतो. दोन कथा झाल्यात. एका वाचनालयातल्या काकांनी वाचल्या नि म्हणाले, फौजेतल्या आठवणी लिही, अवकाशयानं तुझं काम नाही. तेव्हापासून वही उघडली नाही. फौजी माणसाने असं काही लिहिलंय का कुठे?

गोदाकाठची:
सर, लिहिलंय ना! अमेरिकन लेखक जो हाल्डमन. १९६७ ला फिजिक्स आणि खगोलशास्त्राची पदवी घेतली आणि लगेच सक्तीच्या भरतीत व्हिएतनामला, इंजिनिअर तुकडीत, तिथे जबर जखमी झाला. १९७४ ला त्याची 'द फॉरएव्हर वॉर' आली, त्यात सैनिक प्रकाशाच्या जवळपासच्या वेगाने लढायला जातात, त्यांचे काही महिने होतात आणि घरी शेकडो वर्षं उलटलेली असतात. परत येतात तर आपलं म्हणावं असं कोणी उरलेलंच नाही. ही कादंबरी आधी १८ प्रकाशकांनी नाकारली होती, नंतर ह्यूगो आणि नेब्युला हे विज्ञानकथांचे दोन्ही मोठे पुरस्कार मिळाले. आणि पुढे १९८३ पासून ३० वर्षं अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात लेखन शिकवलं! तुमच्यासारखाच, आधी सैनिक मग मास्तर. त्या काकांचं अजिबात मनावर घेऊ नका.

सिन्नरकर:
विज्ञानकथा लिहिणारा हाइनलाइन पण आहे, अमेरिकन नौदलात ऑफिसर, क्षयामुळे १९३४ ला नोकरी सुटली आणि १९३९ ला पहिली कथा. पण लांब कशाला जायचं, नारळीकर सर. १९७४ ला मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, आपली आद्याक्षरं उलटी करून, म्हणजे परीक्षकांनी नाव बघून नंबर देऊ नये. पहिलं बक्षीस मिळालं. एवढ्या मोठ्या माणसाला आपली कथा नावाशिवाय उभी राहते का ते बघावंसं वाटलं. नाशिकच्या २०२१ च्या साहित्य संमेलनाला अध्यक्ष तेच होते, तब्येतीमुळे येता आलं नाही ही रुखरुख अजून आहे मला. तुम्हीपण कथा परिषदेच्या स्पर्धेला पाठवा, तिथे वाचणारे विज्ञान बघतात.

तोफची_भगूर:
दोघांचे मनापासून आभार. ताई, तुम्ही लिहिलेलं वाचून बराच वेळ नुसता बसून होतो. माझी मुलगी दीड वर्षाची असताना मी नऊ महिन्यांनी सुट्टीवर आलो, ती आजीच्या मागे लपली आणि "तो काका कधी जाणार" म्हणून विचारत होती. तेव्हा पत्रं ५६ एपीओच्या, म्हणजे फौजेच्या टपालाच्या, पत्त्यावर यायची, तिला दात आल्याचं मला कळलं तोपर्यंत ती चालायला लागलेली. वर्गात मी शिकवतो की ९९ टक्के प्रकाशवेगाने गेलं तर यानातल्या एका वर्षाची घरी सात होतात, फळ्यावर गणितपण करून दाखवतो, पण हे आपलंच आहे असं कधी वाटलं नव्हतं.

गोदाकाठची:
सर हीच कथा लिहा. यान, वेग सगळं तुम्हाला येतंच, फक्त ती आजीच्या मागे लपलेली मुलगी तशीच ठेवा, वय बदलू नका.

तोफची_भगूर:
वही काढलीय. यानातला माणूस माझ्यासारखा टीए, म्हणजे टेक्निकल असिस्टंट करतो, हिशोब करणारा. तो पोहोचतो तेव्हा मुलगी त्याच्यापेक्षा मोठी झालेली असेल, साठीची वगैरे. ती त्याला काय हाक मारेल यावरच अडलोय.