मदत हवी आहे: टाटा स्टीलचं कार्बन उत्सर्जन कसं मोजावं?

नमस्कार मंडळी, अकरावीच्या पर्यावरण प्रकल्पासाठी मुलांना हा विषय दिलाय आणि मीच अडकले आहे. कंपनीचं वचन 2045 पर्यंत नेट झिरोचं, म्हणजे जितका कार्बन सोडला जाईल तितकाच हवेतून काढून हिशोब शून्यावर आणायचा. वेल्समधल्या त्यांच्या पोर्ट टॅलबॉट कारखान्याची शेवटची झोतभट्टी (कोळशावर लोहखनिजापासून लोखंड बनवणारी ब्लास्ट फर्नेस) 30 सप्टेंबर 2024 ला बंद झाली, तिथे आता भंगार वितळवणारी विजेची भट्टी येतेय. पण त्याच महिन्यात ओडिशात कंपनीच्याच कलिंगनगर कारखान्यात नवी, भलीमोठी झोतभट्टी सुरू झाली! तिथली पोलादाची क्षमता वर्षाला 30 लाखांवरून 80 लाख टनांकडे. झोतभट्टी म्हणजे कोळसा आलाच.

मग मुलांनी दर टन पोलादामागचं उत्सर्जन बघावं की कंपनीचं एकूण? मला एकूणच खरं वाटतं, हवेला सरासरी कळत नाही. पोलाद उद्योगात काम केलेलं कुणी आहे का इथे? वार्षिक अहवालातले हे आकडे कसे वाचायचे, कृपया समजावून सांगाल का?