रविवारी बाळाला कोण घेईल?

(एका कॅथलिक कुटुंबाचा ग्रुप, शनिवार संध्याकाळ ते रविवार दुपार. मिस्सा म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना.)

दादा: उद्या सकाळी सातच्या मिस्सेला माझं बायबलचं वाचन आहे, मी जाऊन येतो. ही घरूनच मोबाइलवर मिस्सा बघेल. दुपारी आम्ही तिघं आईबाबांकडे येतो.

आई: या या. बाळाचा सर्दीखोकला गेला का?

दादा: गेला. रात्री झोपत मात्र नाही.

काका: सूनबाई परत घरून? मागच्या रविवारीही घरूनच होती ना?

दादा: हो काका, बाळ लहान आहे.

काका: आमच्याकडेही तान्ही बाळं होती. पाऊस असो, ताप असो, रविवार चुकला नाही. आता मोबाइल आला म्हणून सगळ्यांना घरी बसायची सवय लागली. इसवी सन 304 मध्ये डायोक्लेशियन बादशहाची मिस्सेसाठी जमायला बंदी होती. आताच्या ट्युनिशियातल्या अबितिना गावचे 49 जण तरीही जमले आणि पकडले गेले. न्यायाधीशापुढे त्यांनी सांगितलं, रविवारच्या उपासनेशिवाय आम्हाला जगता येत नाही. प्राण दिले त्यांनी. आणि आपल्याला एक तास काढता येत नाही. वाईट वाटतं म्हणून बोललो.

(यानंतर पाऊण तास कुणीच काही लिहिलं नाही.)

वहिनी: काका, तुम्ही मोठे आहात, तुमच्याबद्दल मनात काही नाही. पण आज लिहितेच.

बाळ दोन महिन्यांचं झाल्यावर मी त्याला घेऊन चर्चमध्ये गेले होते. पहिलं वाचन सुरू झालं आणि ते रडायला लागलं. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, बाहेर घेऊन जा ना. मी गेले. फादरांचं प्रवचन ऐकू आलं नाही. बाळ शांत होऊन आत आले तेव्हा कम्युनियनची, म्हणजे ख्रिस्तशरीर म्हणून दिलेली पवित्र भाकर घ्यायची, रांग संपली होती. पुढच्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी हे म्हणाले, तू दमतेस, घरूनच बघ. ते काळजीनेच म्हणाले, मला माहीत आहे.

तेव्हापासून दर रविवारी मोबाइल भिंतीला टेकवून ठेवते. फादर ख्रिस्तशरीर उंचावतात तेव्हा मी नेमकी लंगोट बदलत असते. गुडघे टेकायचे असतात आणि हात अडकलेले असतात. मिस्सा समोर चालू असते, पण मी तिच्यात असते असं मला वाटत नाही. बाळ झाल्यापासून सात महिन्यांत मी एकदाही कम्युनियन घेतलेलं नाही. दर आठवड्याला मला पाप लागतंय का, हेही कळत नाही. कुमसाराला, म्हणजे पापांची कबुली द्यायला, जाऊन फादरांना विचारायचं, तर तेवढा वेळ बाळाला कुणीतरी घ्यायला हवं.

मला मोबाइलची सवय लागलेली नाही काका. मला चर्चमध्ये यायचं आहे.

आई: अगं, मला बोलायचं नाहीस का?

वहिनी: आई, तुम्ही सातच्या मिस्सेत गायनमंडळात असता. बाबा दान गोळा करतात. हे वाचन करतात. सगळ्यांची सेवा सातलाच. कुणाला आणि कसं सांगणार?

मी: वहिनी, पापाचं आधी सांगते, कारण माझ्या धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या मुलांच्या आयाही हेच विचारतात. 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या, म्हणजे कॅथलिक चर्चच्या, धर्मशिक्षण ग्रंथात परिच्छेद 2181 आहे. रविवारी मिस्सेला जाणं बंधनकारक आहे आणि गंभीर कारण नसताना जाणूनबुजून चुकवणं हे गंभीर पाप आहे, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. पण गंभीर कारणाची जी दोन उदाहरणं दिली आहेत, त्यातलं एक आजारपण आणि दुसरं तान्ह्या बाळाची काळजी. तुझीच गोष्ट तिथे शब्दाने लिहिलेली आहे. हे ओझं आत्ताच्या आत्ता खाली ठेव.

वहिनी: खरंच तसं लिहिलंय?

मी: खरंच. दुपारी पुस्तक घेऊन येते, स्वतः वाच.

छोटू: मग प्रश्न मिटला ना? वहिनीला सूट आहे आणि ऑनलाइन मिस्साही आहे. 2020 मध्ये कोरोनात सगळ्या जगाने ऑनलाइनच मिस्सा केली. पोप फ्रान्सिस स्वतः रोज व्हॅटिकनमधल्या सांता मार्ताच्या चॅपेलमधून प्रक्षेपण करत होते. तेव्हा चाललं, मग आता का नाही?

मी: तेव्हाही "चाललं" असं नव्हतं रे. दारं बंद होती म्हणून बंधन उठवलं होतं. पडद्यावरची मिस्सा बघून ते बंधन पूर्ण झालं, असं कुणीही म्हटलेलं नाही. आणि रोज प्रक्षेपण करणाऱ्या त्याच पोपमहोदयांनी 17 एप्रिल 2020 च्या प्रवचनात सांगितलं होतं, की आपण आज असे दुरून एकत्र आलो आहोत ते या बोगद्यातून बाहेर पडण्यासाठी, इथेच राहण्यासाठी नाही. लोक आणि संस्कारविधी यांच्याशिवाय ख्रिस्तसभा होत नाही, हा त्यांचा मुद्दा होता. पुढे व्हॅटिकनच्या उपासना विभागाचे तेव्हाचे प्रमुख कार्डिनल सारा यांनी जगभरच्या बिशप परिषदांच्या अध्यक्षांना 15 ऑगस्टच्या तारखेचं पत्र पाठवलं. प्रक्षेपणाने आजाऱ्यांची मोठी सेवा होते, पण ते प्रत्यक्ष सहभागाची बरोबरी करू शकत नाही आणि त्याची जागाही घेऊ शकत नाही, असं त्यात होतं.

म्हणजे वहिनीला सूट आहे हे खरं, पण प्रश्न मिटत नाही. ती सूट मागत नाहीये. तिला जेवायचं आहे, आणि आपण तिला सांगतोय की उपाशी राहिलीस तरी दोष तुझा नाही.

बाबा: बरोबर आहे.

छोटू: माझं पण विचारून घेतो मग. हॉस्पिटलमध्ये रविवारी सकाळची ड्युटी लागली की मी शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेला जातो. ते धरतात ना?

मी: धरतात. चर्चच्या कायद्याचं कलम 1248. त्याच दिवशी किंवा आदल्या संध्याकाळी. निश्चिंत राहा.

काका: सूनबाई, हे तू आधी का नाही बोललीस?

वहिनी: काका, विचारलं असतंत तर सांगितलं असतं.

आई: अबितिनाची जी गोष्ट भाऊजींनी सांगितली, तिचा मी गेला तासभर विचार करतेय. एमेरितस नावाच्या माणसाने त्या मंडळींना आपल्या घरात जमू दिलं होतं. बादशहाची बंदी असताना लोकांना घरात का घेतलंस, असं त्याला विचारलं. तो म्हणाला, ती माझी भावंडं आहेत, त्यांना मी दारात अडवू शकत नव्हतो. आणि सातुर्निनुस नावाचे जे धर्मगुरू पकडले गेले, त्यांची चार मुलं त्यांच्याबरोबर होती. त्यातला धाकटा हिलारियानुस तर अगदी लहान होता. त्या मंडळींत लहान मूल होतं. ते रडलंही असेल. कुणी त्याला बाहेर न्या म्हटलं नसेल.

मी दर रविवारी गायनमंडळात उभी राहून "प्रभू, दया कर" म्हणते आणि माझी सून घरात एकटी. मला हे दिसायला हवं होतं.

वहिनी: आई, असं नका म्हणू.

आत्या: मी आईजवळ बसले आहे. तिला सगळं वाचून दाखवलं. तिला काही सांगायचं आहे. ती बोलते तसं टाइप करते, तिच्याच शब्दांत.

आत्या (आजीचा निरोप): पोरी, मी चार वर्षं पलंगावर आहे. रोज सकाळी टीव्हीवर मिस्सा बघते. तुम्हा सगळ्यांना वाटतं, आजीचं बरं आहे, तिला घरबसल्या रोज मिस्सा मिळते. मला काय मिळतं आणि काय मिळत नाही, ते मला माहीत आहे.

संत क्लारा अशीच अंथरुणाला खिळली होती. नाताळची रात्र होती. बाकीच्या सिस्टर उपासनेला गेल्या आणि ती एकटी मागे राहिली. देवाने तिला तिथे पडल्या पडल्या सगळी उपासना दाखवली आणि ऐकवली. म्हणून तर पोप पायस बारावे यांनी तिला टेलिव्हिजनची आश्रयदाती संत केलं. पण लक्षात ठेवा, तिला उठता येत नव्हतं म्हणून देवाने दाखवलं. उठता आलं असतं तर क्लारा पायांनी गेली असती. मीही गेले असते.

टीव्हीवर फादर म्हणतात, एकमेकांना शांती द्या. मी कुणाला देऊ? उशीला? महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी ख्रिस्तशरीर घेऊन येतात, त्या दिवसाची मी बाकीचे सगळे दिवस वाट बघते. त्या पोरीला पाय आहेत, मन आहे, आणि तुम्ही एवढी माणसं असून तिला माझ्यासारखं घरात बसवलंत. तिला पलंगावर खिळलेली करू नका. बाळाला घ्या कुणीतरी.

आत्या: एवढं बोलून दमली ती. डोळे मिटून पडली आहे. जपमाळ हातात आहे.

(बराच वेळ कुणाचंच काही आलं नाही.)

दादा: मी हे सगळं तीनदा वाचलं. शेजारच्या खोलीत बसून वाचलं आणि मग तिच्याशी बोललो. "तू दमतेस" म्हणताना मला खरंच वाटत होतं की मी तिला मदत करतोय. मदत म्हणजे बाळाला घेणं, हे मला सुचलं नाही. दर रविवारी मी वेदीपाशी उभा राहून "हा प्रभूचा शब्द" म्हणून घरी येत होतो.

उद्याचं वाचन दुसऱ्या कुणाला द्यायला सांगितलंय. सातला ही जाईल, मी बाळाजवळ. नऊच्या मिस्सेला मी.

बाबा: वाचन सोडू नकोस. सातला तू जा, नऊला ती जाऊ दे. साडेआठला मी तुमच्याकडे येतो, दान गोळा करून झालं की मला काय काम असतं? म्हणजे तुलाही धावपळ नको. आणि महिन्यातून एकदा दोघं मिळून जा. लग्नात दोघांनी एकत्र गुडघे टेकले होते, आता पाळ्या लावून किती दिवस काढाल?

आई: आणि बाळालाही घेऊन जा अधूनमधून. त्याचा स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, झालाय, तोही त्या घरचाच आहे. रडला तर मी गायनमंडळातून खाली येईन. आल्तोचा आवाज कमी पडला एक, तर पडू दे.

वहिनी: बाबा, उद्या नक्की याल?

बाबा: सव्वाआठलाच येतो.

आत्या: मी एक लिहू का? विषयाला सोडून वाटेल. तुमच्याकडे यायची इच्छा आहे आणि वाट नाही. माझ्याकडे वाट आहे आणि मुलाला इच्छा नाही. दोन वर्षं झाली, ईस्टरलासुद्धा आला नाही. आधी मी भांडायचे. आता रविवारी त्याच्या खोलीच्या दारावरून जाते आणि काही बोलत नाही. बरोबर करते की चूक, माहीत नाही.

मी: आत्या, विषय सोडून नाही. संत मोनिकाचा मुलगा ऑगस्टीन वर्षानुवर्षे असाच दूर होता. त्याला समजावून सांगा म्हणून ती एका बिशपांच्या मागे लागली. ते म्हणाले, आत्ता तो ऐकणार नाही, त्याला राहू दे, तू फक्त प्रार्थना कर. ती ऐकेना, रडतच राहिली. शेवटी ते म्हणाले, जा, इतक्या आसवांचा मुलगा वाया जाणं शक्य नाही. हे ऑगस्टीनने स्वतः लिहून ठेवलंय. 387 च्या ईस्टरला मिलानमध्ये संत अँब्रोज यांच्या हातून त्याचा बाप्तिस्मा झाला, आणि त्याच वर्षी मोनिका वारली. तिला तो दिवस बघायला मिळाला.

बिशपांनी तिला भांडायला सांगितलं नाही आणि सोडून दे असंही सांगितलं नाही. दारावरून जाताना एक "नमो मरिये" म्हणत जा. आणि जेवायला मात्र त्याच्याबरोबरच बस.

आत्या: बसते. तेवढं सोडलेलं नाही.

छोटू: आत्या, तो माझ्याशी बोलतो. मी चर्चचा विषय काढत नाही, पण भेटत राहतो. एवढं तुम्हाला सांगावंसं वाटलं.

आत्या: देव तुझं भलं करो रे.

रविवार

बाबा: पोहोचलो. बाळ माझ्याकडे आहे. ती निघाली.

आई: काही लागलं तर फोन करा.

बाबा: झोपलाय खांद्यावर. हालत नाहीये मी.

दादा: काका, रागावला नाहीत ना? कालपासून तुमचं काही आलं नाही.

काका: नाही रे. विचार करत होतो. आमची बाळं लहान असताना रविवार चुकला नाही, असं मी काल मोठ्या तोंडाने लिहिलं. रात्री तुझ्या काकूने विचारलं, तुमचा चुकला नाही, माझे किती चुकले ते मोजलेत का? मला आठवेना. खरंच आठवेना.

वहिनी: आत्ताच बाहेर आले. आधी फादर कुमसाराला बसले होते, तेही झालं. मग कम्युनियन घेतलं. रांगेत माझ्या पुढे एक बाई तान्हं बाळ घेऊन होती, एकटीच. बाळ रडायला लागलं तशी ती रांगेतून बाहेर पडायला लागली. मी म्हटलं, माझ्याकडे द्या, तुम्ही पुढे व्हा. तिने दिलं. मिस्सा संपेपर्यंत ते माझ्याच मांडीवर होतं. पुढच्या रविवारी ती नऊलाच येणार आहे.

आई: 🙏🙏

आत्या: आईला वाचून दाखवलं. रडतेय, पण बरं वाटतंय तिला.

काका: ताई, पहिल्या शुक्रवारी आईकडे ख्रिस्तशरीर घेऊन किती वाजता येतात?

आत्या: दहाच्या सुमाराला. मी कामावर असते, शेजारीण दार उघडते.

काका: तिला सांग, या वेळी मी उघडेन. साडेनऊला येऊन बसतो आईजवळ.