पिंजऱ्यातल्या पक्ष्याचा फोटो हा म्हणे फोटोच नव्हे!

काचेमागचा:
परवा एका महाशयांनी इथे पिंक टाकली: "प्राणिसंग्रहालयात जाऊन मकाव पोपटांचे फोटो काढणं म्हणजे मत्स्यालयात गळ टाकून मिशीला पीळ देणं." वर टाळ्याही मिळवल्या. तिथे उत्तर लिहायला बसलो आणि ते लांबतच गेलं, म्हणून वेगळा धागा.

जाळीतून फोटो काढून पाहिलाय का कधी? ऑटोफोकस पक्ष्याला सोडून तारेलाच जाऊन चिकटतो. लेन्स जाळीला जवळजवळ टेकवायची, अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचं छिद्र मोठं, एफ २.८ नाहीतर ४, झूम २०० मिमीच्या पुढे, आणि पक्षी जाळीपासून चार हात आत सरकेपर्यंत गप उभं राहायचं. तेव्हा कुठे तार दिसेनाशी होते. तारेवर ऊन असेल तर तेही नाही; सगळ्या फोटोवर दुधाळ पडदा चढतो. मी टोपी काढून तिची सावली तारेवर धरली होती. एका हातात टोपी, दुसऱ्या हातात दोन किलोंचं धूड. काचेची तऱ्हा आणखी न्यारी. लेन्सच्या तोंडावरचा रबरी हूड काचेला घट्ट लावला नाही तर पक्ष्याच्या पोटावर आपल्याच शर्टाच्या चौकटी उमटतात.

त्या स्कार्लेट मकावसमोर पावणेदोन तास होतो. एका पायावर झोपलेला. मग जागा झाला आणि एका बाजूचा पाय आणि त्याच बाजूचा पंख एकदम ताणला. लाल, पिवळा, निळा असा सगळा पंख उलगडून दोन सेकंदांत मिटलासुद्धा. तो फोटो देतोय, दुसरा अमेरिकी धनेशाचा. बघा आणि मग बोला.

रानटी:
पिंक माझीच. पुसणार नाही.

चार पहाटा ओढ्याकाठी बसून मला खंड्याची पाठ मिळाली. नुसती पाठ! चौथ्या दिवशी तो उडताना एकदा ओरडला, मला वाटतं मलाच शिव्या देऊन गेला. तुमचे पावणेदोन तास कबूल, पण तुमचा पक्षी जाणार कुठे होता? तुम्ही थांबलात आणि तो अडकलाय, यातला फरक टोपीच्या सावलीने झाकला जात नाही.

आणि हे माझं एकट्याचं खूळ नाही. २००९च्या 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर' स्पर्धेमध्ये फाटकावरून उडी मारणाऱ्या लांडग्याचा फोटो पहिला आला होता. पुढे तो माणसाळलेला लांडगा असावा असं परीक्षकांचं मत पडलं आणि २०१०च्या जानेवारीत बक्षीस काढून घेतलं. फोटोग्राफरने आरोप नाकारला, पण बक्षीस गेलं ते गेलंच.

काचेमागचा:
मी स्पर्धेला पाठवला का? घरच्या भिंतीवर लावायचाय. लांडगा कशाला मध्ये आणता!

बोलकी मैना:
तुमचं चालू द्या, पण 'अमेरिकी धनेश' हे काय प्रकरण आहे? फोटोत टूकन आहे. धनेश अमेरिकेत नाहीतच, ते आफ्रिका-आशियातले. टूकन मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला. त्याची सोयरीक सुतारपक्ष्याशी आणि तांबटाशी, धनेशाची हुदहुदाशी. चोच मोठी दिसली की धनेश, असं असेल तर पेलिकनलाही धनेश म्हणा.

काचेमागचा:
मराठी शब्द वापरला तर त्यालाही फटके. 'टूकन' लिहिलं असतं तर कुणीतरी 'मराठी मेली का' म्हणत आलंच असतं.

तिरकी चोच:
मी आलोच असतो. मैनाताई, त्यात काय बिघडतं? परक्या पक्ष्याला ओळखीच्या पक्ष्याचं नाव देणं ही भाषेची रीतच आहे. माझी आजी मकावला 'मोठा राघू' म्हणाली होती. चुकली का?

बोलकी मैना:
आजी बरोबरच होत्या. मकाव हा पोपटाच्याच कुळातला. म्हणून तर म्हणते, नाव देताना नातं बघा! धनेशाची मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते, नर फटीतून तिला भरवतो. टूकनही ढोलीतच अंडी घालतो, पण असं काही करत नाही. टोको टूकनची ती चोच म्हणजे अंगातली उष्णता बाहेर टाकायचं साधन, २००९मध्ये संशोधकांनी उष्णता टिपणारे कॅमेरे लावून दाखवून दिलंय. इतका वेगळा जीव, आणि तुम्ही त्याला उसनं आडनाव चिकटवता.

तिरकी चोच:
मग नवीन शब्द सुचवा. 'नावाचोच' कसा वाटतो?

बोलकी मैना:
नावाचोच?? होडीला चोच आली की चोचीला होडी? त्यापेक्षा टूकन बरा.

रानटी:
धागा कशाचा आणि चाललंय काय.

तिरकी चोच:
तुम्ही खंड्याची पाठ बघा. इथे मोठी माणसं बोलतायत.

रानटी:
तोंड सांभाळा. चारदा पहाटे उठून दाखवा, मग मोठेपणा सांगा.

माजी स्वयंसेवक:
तीन वर्षं एका पक्षिगृहात रविवारची सेवा केलीय, संस्थेचं नाव सांगणार नाही. माझं दुखणं तुमच्या दोघांच्याही पलीकडचं. फ्लॅश. पाटी लावली तरी फ्लॅश. आणि पक्षी वळावा म्हणून काचेवर किल्लीची टकटक. एक काकातुआ (तुऱ्याचा पोपट) टकटक झाली की स्वतःच्या छातीची पिसं उपटायचा. छाती पार उघडी पडली होती. त्याचा फोटो मात्र कुणी काढत नसे, 'चांगला दिसत नाही' म्हणून.

आणि उघड्या तळ्यातले फ्लेमिंगो 'निसर्गात टिपले' म्हणून मिरवणाऱ्यांसाठी: वर जाळी नसूनही ते उडून का जात नाहीत, विचारलंत कधी? बऱ्याच ठिकाणी पिल्लू असतानाच एका पंखाचं टोक सांध्यापासून छाटलेलं असतं.

काचेमागचा:
फ्लॅश मी कधीच मारत नाही. पण सगळीच प्राणिसंग्रहालयं वाईट कशी? कॅलिफोर्निया कॉन्डॉर (अमेरिकेतलं मोठं गिधाड) १९८७मध्ये जगात २७ उरले होते. सगळे पकडून सॅन डिएगो आणि लॉस एंजेलिसच्या प्राणिसंग्रहालयांत वाढवले, १९९२पासून पुन्हा सोडले. आज पाचशेच्या वर आहेत. निळा स्पिक्स मकावही तसाच वाचला.

माजी स्वयंसेवक:
कॉन्डॉर मान्य. स्पिक्स नाही. २०२२मध्ये ब्राझीलमध्ये जे पहिले आठ सोडले, त्यांच्यामागे मुख्यतः खासगी पैदास केंद्रं होती. तिकीट काढून गेलेल्यांनी त्याचं श्रेय घेऊ नये.

आता एक विचारतो. तुमच्या मकावचा फोटो मोठा करून पाहिला. ताणलेल्या पायाच्या घोट्यापाशी एक पट्टा गुळगुळीत आहे, खवले एकदम थांबतात आणि बोटभर पुढे पुन्हा सुरू होतात. तिथलं कडं कुठे गेलं?

रानटी:
अरे वा!

काचेमागचा:
पुसलं. डोळ्याला टोचत होतं.

माजी स्वयंसेवक:
त्या कड्यावर त्याचा नंबर असतो. आम्ही त्यावरूनच ओळखायचो.

काचेमागचा:
बरं. मूळ फोटो कड्यासकट टाकलाय, खाली 'प्राणिसंग्रहालयातला' असंही लिहिलंय. झालं समाधान? जाळीचं जे लिहिलं त्यातला मात्र एक शब्द मागे घेणार नाही.

रानटी:
कडंवाला फोटो जास्त चांगला आहे. हे मी बोललो असं कुठे सांगू नका. आणि ती टोपीची युक्ती… गवताच्या पात्यावर ऊन आलं की चालेल का?

काचेमागचा:
चालेल. पण खंड्या थांबला पाहिजे ना.

बोलकी मैना:
दुसऱ्या फोटोखाली अजून 'धनेश'च आहे.