धंदा सुरू करायला मोठं शहरच लागतं का?

मंडळी एक विचारायचं होतं. देश तोच, कायदे तेच, बँकाही त्याच, तरी काही शहरांत नवे उद्योग भराभर निघतात आणि काही शहरांत पैसा असूनही लोक नोकरीच धरून बसतात. हा नुसता लोकसंख्येचा खेळ आहे की शहराच्या वातावरणाचा?

प्रतिसाद १
माझ्या मते लोकसंख्येपेक्षा आजूबाजूला सप्लायर कोण आहेत ते बघा. बेंजामिन चिनिट्झ या अर्थतज्ज्ञाने १९६१ मध्ये न्यूयॉर्क आणि पिट्सबर्गची तुलना केली होती. न्यूयॉर्कात कपड्यांचे ढीगभर छोटे कारखाने, एकेक काम बाहेरून करून मिळायचं, त्यामुळे नवख्या माणसाला सगळं स्वतः उभारावं लागायचं नाही. पिट्सबर्गला पोलादाच्या अवाढव्य कंपन्या, लागेल ते आतल्या आत करणाऱ्या, मग बाहेर छोटे सप्लायर वाढणार कुठून, आणि छोट्याला कर्ज द्यायची सवय बँकांना तरी कशी लागणार? शिवाय घरात सगळे पगारदार असले की पोरांच्या डोक्यात धंदा येतच नाही, हेही त्याने तेव्हाच मांडलंय, आणि मला हा मुद्दा सगळ्यात पटतो.

प्रतिसाद २
सप्लायर हवेतच, पण तेवढ्यावर भागत नाही. अमेरिकेत बॉस्टनजवळच्या रूट १२८ या हायवेलगतच्या पट्ट्यात काय कमी होतं, एमआयटीसारखं तंत्रज्ञानाचं विद्यापीठ शेजारी, मोठमोठ्या कॉम्प्युटर कंपन्या, तरी १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियातली सिलिकॉन व्हॅली पुढे निघून गेली. कॅलिफोर्नियात १८७२ पासूनचा कायदा आहे, नोकरी सोडून प्रतिस्पर्ध्याकडे जाऊ नये अशी अट तिथे सहसा कोर्टात टिकत नाही. १९५७ ला आठ जण तिथली शॉकली या शास्त्रज्ञाची सेमीकंडक्टर लॅब सोडून बाहेर पडले आणि फेअरचाइल्ड ही सेमीकंडक्टर कंपनी निघाली, त्यातल्याच नॉइस आणि मूर यांनी १९६८ ला इंटेल काढली. कायदा हे एकमेव कारण नाही हे मान्य, पण माणसं मोकळेपणाने फिरली की ज्ञान फिरतं.

प्रतिसाद ३
भाड्याचं कुणीच बोललं नाही!! शहरांवर लिहिणाऱ्या जेन जेकब्स यांनी १९६१ मध्येच सांगितलंय की नव्या कल्पनांना जुन्या इमारती लागतात. प्रयोग फसण्याची शक्यता जास्त असते ना, मग महागडी जागा परवडणार कशी? जुनी गोदामं पाडून काचेचे टॉवर उभे करायचे आणि वर त्यालाच स्टार्टअप हब म्हणायचं, याचा मला खरंच राग येतो.

मूळ प्रश्नकर्ता
भाड्याचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. मग सुरुवात मोठ्या शहरात करून नंतर स्वस्त जागी हलवलं तर?

प्रतिसाद १
बऱ्याच कंपन्या तेच करतात. प्रॉडक्ट ठरेपर्यंत वेगवेगळ्या धंद्यांची माणसं जवळ लागतात, एकदा पद्धत बसली की उत्पादन त्याच कामात मुरलेल्या छोट्या शहरात नेता येतं. फक्त डिझाइनवाले आणि कारखाना यांचं रोजचं बोलणं लागत असेल तर घाई करू नका.