छोटा डेस्कटॉप: कुठून घेतला, कसा वाढवला? (अनुभव धागा)

चांदणवाट (पुणे)

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार, म्हणजे अपडेट, संपला आणि आमच्या ओळखीत घरोघरी एकच चर्चा सुरू झाली: जुन्या कॉम्प्युटरचं करायचं काय? पुन्हा मोठा टॉवर आणायला जागा नाही. रोज सहा-सात तास बसून काम करणाऱ्याला लॅपटॉप मानवत नाही, मान धरते. मग उरतो तो लिटरभर आकाराचा छोटा डेस्कटॉप, ज्याला कुणी मिनी पीसी म्हणतं, कुणी टायनी, कुणी मायक्रो.

तुम्ही असा घेतला असेल तर सविस्तर लिहा. नवा की जुना, नंतर आत काय वाढवलं, सोबतच्या वस्तूंपैकी काय खरंच कामी आलं. दुकानदार आणि जाहिराती प्रोसेसरचंच बोलतात. माझ्या मते पहिला प्रश्न असायला हवा तो "झाकण उघडून आत काय काय बदलता येतं?"

माझं मशीन रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेलं पण तपासून पुन्हा विकलेलं आहे. इंटेलचा आठव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, ८ जीबी रॅमची एकच पट्टी, २५६ जीबी एसएसडी. मागचा एक स्क्रू काढला की झाकण सरकतं. आत लॅपटॉपची रॅम लागते, मोठ्या टॉवरची लांब पट्टी बसत नाही, हे दुकानात जाण्याआधी माहीत हवं. नवी पट्टी तिरकी धरून खाचेत सरकवायची आणि मग अलगद खाली दाबायची. दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या चिमट्या "टक्" करून बसल्या की झालं. ८ च्या दोन पट्ट्या झाल्यावर फरक लगेच दिसला. या मशिनांत बहुधा वेगळं ग्राफिक्स कार्ड नसतं, स्क्रीनचं कामही मुख्य रॅममधूनच चालतं, आणि दोन पट्ट्या एकत्र चालल्या की रॅमचा वेग वाढतो. म्हणून १६ ची एक पट्टी घेण्यापेक्षा ८ च्या दोन बऱ्या.

डोंबिवलीकर

जुना घेणार असाल तर माझा अनुभव उपयोगी पडेल. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात माझं कामानिमित्त जाणं-येणं असतं आणि नातेवाइकांसाठी अशी बरीच मशिनं घेऊन दिली आहेत. मोठ्या कंपन्या भाडेकरार संपला की ही ढिगाने विकतात, तीच साफसूफ होऊन बाजारात येतात. माल चांगला असतो, पण समोर लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

प्रोसेसरच्या नंबरात पिढी लिहिलेली असते: ७५०० टी म्हणजे सातवी, ८५०० टी म्हणजे आठवी. इंटेलमध्ये विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीपासून पुढेच चालतं, शिवाय टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. "सातवीवर पण अकरा टाकून देतो साहेब" असं दुकानात हमखास ऐकायला मिळतं. टाकता येतं हे खरं. पण पुढचे मोठे अपडेट नीट येतील याची खात्री कुणी देत नाही. बँकेची, टॅक्सची कामं करणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, शिरून बघा. ऑफिसच्या मशिनवर जुन्या कंपनीचा पासवर्ड राहिलेला असतो आणि तो काढणं सोपं नसतं. एसएसडी किती तास चाललीये आणि तब्येत किती टक्के उरलीये हे क्रिस्टलडिस्कइन्फो या फुकटच्या प्रोग्रॅममध्ये मिनिटात दिसतं. ॲडॉप्टर त्याच कंपनीचा आणि योग्य वॉटचा आहे ना, हेही पाहा. काही मशिनं ॲडॉप्टर ओळखतात. भलताच लावला तर सुरू होतात, पण मुद्दाम मंद चालतात, आणि आपण दोष देत बसतो विंडोजला. बिल जीएसटीचं घ्या आणि त्यावर सिरीयल नंबर लिहून घ्या, म्हणजे वॉरंटीत वाद होत नाहीत.

आंबोळगड

वर सगळं मशीनबद्दल चाललंय. मी राजापूर तालुक्यातला, तर विजेबद्दल लिहितो. आमच्याकडे कॉम्प्युटर जुना होऊन मरत नाही, मेअखेरीच्या गडगडाटात मरतो.

आमच्या गावात एका पावसाळ्याच्या तोंडाला तीन घरांतले लॅन पोर्ट (कॉम्प्युटरला इंटरनेटची वायर लावायची जागा) एका रात्रीत गेले. सगळ्यांनी कॉम्प्युटरचा प्लग काढून ठेवला होता, पण शेजारच्या घरातून छपरावरून आणलेली इंटरनेटची तांब्याची वायर मागे लावलेलीच होती. वीज जवळपास पडली की त्या वायरीतून झटका येतो. तेव्हापासून मी लोकांना सांगतो: घराबाहेरून येणारी वायर फायबरची असू दे, तांब्याची नको, आणि आभाळ भरलं की प्लगबरोबर लॅनची पिनही काढा. पोर्ट गेला म्हणून मशीन टाकू नका. यूएसबीला लागणारा लॅनचा छोटा डोंगल मिळतो, त्यावर एक मशीन अजून चालतंय.

दुसरं अर्थिंग. पत्र्याच्या डब्याला हात लावला की मुंग्या येतात अशी तक्रार खूप जण करतात. ती बहुधा मशीनची नसते, घराच्या वायरिंगची असते. आमच्या वायरमनने मल्टिमीटर लावून दाखवलं: फेज ते न्यूट्रल आणि फेज ते अर्थ ही दोन्ही मापं जवळजवळ सारखी यायला हवीत. आमच्याकडे दुसरं माप निम्मंच येत होतं. मग परसात खड्डा खणला, तांब्याची पट्टी पुरली, भोवती कोळसा आणि मिठाचे थर दिले, वर पाणी घालायला नळी सोडली. उन्हाळ्यात त्यात पाणी घालावं लागतं, नाहीतर आमच्या कातळात ओल राहत नाही. हा खर्च रॅमच्या आधी करा.

छोट्या मशीनचा खरा फायदा आम्हाला यूपीएसमुळे कळला. बाजारातला साधा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट देऊ शकतो. जुना टॉवर आणि मॉनिटर मिळून तो काही मिनिटांत धाप टाकायचा. छोटं मशीन आणि एलईडी मॉनिटर मिळून बहुतेक वेळा पन्नास-साठ वॉटच्या आसपास ओढतात, त्यामुळे लाइट गेली तरी हातातलं काम संपवून नीट बंद करता येतं. त्यातली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलायची, तेवढं लक्षात ठेवा.

आणि पावसाळ्यात मशीन रोज थोडा वेळ तरी चालू ठेवा. वर प्लास्टिकचं कव्हर घालू नका, आत दमट हवा कोंडते.

टंकलेखिका (कोल्हापूर)

माझं डीटीपीचं काम आहे. लग्नपत्रिका, स्मरणिका, दिवाळीच्या आधी दोन-तीन अंक. मला १६ जीबी पुरत नाही. पानं मोठी, फोटो मोठे, शिवाय युनिकोड आणि जुने फॉन्ट दोन्ही उघडे ठेवावे लागतात, कारण काही ग्राहक अजून जुन्या फॉन्टमधल्याच फायली आणतात. मी ३२ केली. ज्यांना वाढवायची आहे त्यांनी भाव बघून घ्या. २०२५ च्या अखेरीस रॅम भलतीच महागली, कारण चिप बनवणाऱ्यांनी आपला माल एआयच्या सर्व्हरकडे वळवला. जुन्या मशिनांतून काढलेली डीडीआर-४ (रॅमचा एक प्रकार) ची पट्टी हमीसह मिळाली तर घ्यायला हरकत नाही. डीडीआर-४ च्या जागी डीडीआर-३ किंवा ५ बसत नाही, खाचच वेगळ्या ठिकाणी असते.

मला जास्त लिहायचंय ते मॉनिटरबद्दल. दोन मॉनिटर हा माझ्या कामातला सगळ्यात मोठा बदल आहे, रॅमपेक्षाही. एक आडवा, दुसरा उभा फिरवलेला. उभ्यावर पुस्तकाचं अख्खं पान खालीवर न सरकवता दिसतं, मग शीर्षक पानाच्या तळाशी एका ओळीवर लटकलंय का, परिच्छेदाची शेवटची ओळ दुसऱ्या पानावर एकटी गेलीये का, हे नजरेत येतं.

पण मॉनिटरची वायर लावायला या छोट्या मशिनांच्या मागे बहुधा डिस्प्लेपोर्ट असतो आणि आपल्या मॉनिटरला एचडीएमआय. साधी डिस्प्लेपोर्ट-ते-एचडीएमआय वायर एकाच दिशेने चालते: मशीनकडे डिस्प्लेपोर्ट, मॉनिटरकडे एचडीएमआय. उलटं जोडलं तर काळा पडदा. ४के मॉनिटर घेणार असाल तर एचडीएमआय २.० हवं. १.४ वर ४के फक्त ३० हर्ट्झने चालतं, माउसचा बाण अडखळत जातो आणि डोळे शिणतात. दिवसभर मजकूर वाचणाऱ्याने इथे काटकसर करू नये.

इन्स्क्रिप्ट या मराठी कीबोर्ड-मांडणीने टाइप करणाऱ्यांसाठी: देवनागरी अक्षरं कोरलेला कीबोर्ड घ्या. स्टिकर उन्हाळ्यात बोटांना चिकटून येतात.

ऊनसावली (नागपूर)

आमच्याकडे प्रश्न उन्हाचा. मे महिन्यात खोलीतच चाळिशी असते. या मशिनांचा पंखा छोटा, जाळी बारीक, ती धुळीने बुजली की प्रोसेसर स्वतःहून मंद होतो. दर उन्हाळ्याआधी ब्लोअरने हवा मारते. पंख्याचं पातं काडीने अडवून मग हवा मारायची, नाहीतर तो भन्नाट फिरून त्याचं बेअरिंग जातं. जुन्या मशीनच्या प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट (उष्णता बाहेर नेणारा लेप) वाळून खडू झालेली असते, ती बदलल्यावर आवाज खूपच कमी झाला.

खिडकीपाशी (ठाणे)

थोडं वेगळं मत मांडतो. आत काय बदलता येतं हीच एकमेव कसोटी नाही. मी ॲपलचा एम-४ चिपवाला मॅक मिनी घेतला. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झाला तेव्हा ५९,९०० रुपयांपासून होता आणि मुळातच १६ जीबी. त्यात रॅम नंतर वाढवता येत नाही, म्हणून घेतानाच पुढच्या सहा-सात वर्षांचा विचार केला. फायली ठेवायची जागा मात्र बाहेरून वाढवता येते. एनव्हीएमई (वेगवान प्रकारची) एसएसडी एका डबीत बसवून मागे लावली, व्हिडिओचं सगळं काम तिच्यावर चालतं. कंपनीकडून जास्तीच्या स्टोरेजसाठी जे पैसे मागतात त्याच्या तुलनेत हे खूप स्वस्त पडतं. आवाज जवळजवळ शून्य. मी घरी आवाज रेकॉर्ड करतो, मला तेच महत्त्वाचं होतं.

फळा-खडू (बीड)

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. आम्हाला एका कार्यालयाकडून जुनी छोटी मशिनं देणगीत मिळाली. ४ जीबी रॅम, फिरती हार्डडिस्क, चौथी-सहावी पिढी. सुरू व्हायला प्रार्थना आणि परिपाठ दोन्ही संपायचे. गावातल्या माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढली आणि प्रत्येकात हार्डडिस्कच्या जागी २५६ जीबीची साधी साटा प्रकारची एसएसडी बसवली. कमी पैशात सर्वांत मोठा फरक कशाने पडतो असं कुणी विचारलं तर माझं उत्तर हेच. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाकलं, त्याला परवान्याचा खर्च नाही आणि मराठी टायपिंग त्यातच मिळतं. चौथीच्या मुलींनी गावातल्या विहिरींची यादी त्यावर टाइप केली, खोलीसह.

प्रोजेक्टर जुना, व्हीजीएचा (जुन्या ॲनालॉग जोडणीचा). डिजिटलवरून व्हीजीएवर यायला आत चिप असलेला कन्व्हर्टर लागतो, नुसती स्वस्त वायर चालत नाही.

नेकारकाठ (श्टुटगार्ट)

इकडे जर्मनीत ऑफिसांतून निघालेली मशिनं खूप चांगल्या अवस्थेत मिळतात. गेल्या खेपेला आईबाबांसाठी एक सोलापूरला नेलं. ॲडॉप्टर १०० ते २४० व्होल्टचा असतो, त्याची चिंता नाही. भिंतीकडची वायर तेवढी तिकडे विकत घ्यावी, तीन पाकळ्यांची पिन असलेली, लॅपटॉपच्या चार्जरला असते ती. कीबोर्ड मात्र इथला नेऊ नका, जर्मन कीबोर्डवर वाय आणि झेड यांची अदलाबदल असते.

बाबांचं वय बघता दोन गोष्टी केल्या. मशीन व्हेसाच्या पट्टीने (मॉनिटरमागच्या ठरावीक स्क्रूंच्या भोकांत बसते ती) मॉनिटरच्या पाठीवर बसवलं, टेबलावर वायरी उरल्या नाहीत. आणि बायोसमध्ये "वीज परत आली की आपोआप सुरू हो" हे चालू केलं, कारण पाठीमागचं बटण त्यांना सापडत नव्हतं. अक्षरं १२५ टक्के केली. बाबा आता रोज त्यावर ज्ञानेश्वरी वाचतात आणि मला ओव्यांचे फोटो पाठवतात.

एक शंका आहे. हल्ली मशीन सुरू केलं की तारीख मागे जाते आणि बँकेची साइट "कनेक्शन सुरक्षित नाही" म्हणते. कुणाला कल्पना?

डोंबिवलीकर

मशीनचं घड्याळ चालू ठेवणारा बोर्डावरचा सीआर २०३२ सेल गेलाय. कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळेल. काही मॉडेलांत मात्र तो वायर आणि पिनसह असतो, तेव्हा आधी झाकण उघडून फोटो काढायला सांगा. नवा बसवल्यावर बायोसमधली ती आपोआप सुरू व्हायची सेटिंग पुन्हा तपासा, ती पुसली गेलेली असू शकते.