मदत हवी आहे: घर सोडलेल्या १८-१९ वर्षांच्या मुलांची सोय कुठे होईल?

मंडळी, बापाची दारू, रोजची मारहाण याला कंटाळून पोरं घर सोडतात आणि कोल्हापुरात सीबीएसवर (मध्यवर्ती बसस्थानकावर) उतरतात. १८ च्या आतलं मूल असेल तर वाट ठरलेली आहे: १०९८ या चाइल्डलाइनला फोन, २४ तासांत बालकल्याण समितीपुढे हजर. तिथं मारहाणीची नोंद झालीच पाहिजे. नाहीतर मूल समजूत काढून घरी जातं आणि पुन्हा पळतं.

खरी अडचण १८ पूर्ण झालेल्यांची. अनुरक्षणगृह (१८ नंतर राहण्याची सरकारी सोय) मुख्यतः बालगृहातून बाहेर पडलेल्यांसाठी. मुलींना सखी वन स्टॉप सेंटर (अत्याचारग्रस्त महिलांसाठीचं सरकारी मदत केंद्र) आहे, तेही थोडेच दिवस. मुलांना काय? आधार कार्ड घरी राहिलेलं, त्यामुळे खोली नाही, कामही नाही.

राजारामपुरी, शाहूपुरीत डिपॉझिटशिवाय महिनाभर कॉट देणारं कुणी आहे का? उद्यमनगरात राहण्याच्या सोयीसह हेल्परचं काम? कृपया नक्की सांगा.